दुसऱ्यांची आत्मचरित्रे लिहिणारा संशोधक

आत्मचरित्र लिहावयाचे तर मनुष्याजवळ निदान तीन गोष्टी असाव्या लागतात. त्याला लिहिता आले पाहिजे, लिहिण्यास सवड मिळाली पाहिजे, आणि आपले आयुष्य चार लोकांस सांगण्याजोगे आहे असा भरवसा त्याला वाटला पाहिजे. जगातील बहुसंख्य माणसांच्या वाट्यास ह्या तिन्ही गोष्टी एकत्र कधी आल्या नाहीत. त्यामुळे राजे, सेनापती, पंडित आणि साधुपुरुष ह्यांची चरित्रे ग्रंथालयांत दाटीवाटीने उभी असतात. परंतु हमाल, मोलकरीण, शेतमजूर, फेरीवाला ह्यांनी आपल्या आयुष्याकडे कसे पाहिले हे जाणण्याचे साधन फार थोडे उरते. जनगणनेच्या कोष्टकांत त्यांची संख्या सापडते, कज्जेदलालीच्या दप्तरांत त्यांची नावे सापडतात. त्यांचा आवाज मात्र सापडत नाही.

हा आवाज टिपून ठेवण्याचा उद्योग विसाव्या शतकात मानववंशशास्त्राच्या काही अभ्यासकांनी हाती घेतला. पॉल रेडिन ह्या अमेरिकन पंडितांनी विनेबागो नावाच्या तेथील मूलनिवासी जमातीतील एका पुरुषाचे आत्मवृत्त १९२६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. होपी जमातीतील एका गृहस्थाचे असेच आत्मवृत्त लिओ सिमन्स ह्यांनी १९४२ साली छापले. तथापि ज्यांच्यामुळे हा प्रकार विद्वानांच्या कोंडाळ्यातून बाहेर पडून सामान्य वाचकांच्या घरी पोहोचला, आणि ज्यांच्या हातून त्यातील मोठेपणा व धोका ही दोन्ही सारखीच उघड झाली, ते संशोधक म्हणजे ऑस्कर लुइस होत.

लुइस ह्यांचा जन्म २५ डिसेंबर १९१४ रोजी न्यूयॉर्क शहरी एका यहुदी धर्मगुरूच्या घरी झाला. बालपण मात्र त्या राज्याच्या ग्रामीण भागातील एका लहानशा शेतावर गेले. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात त्यांनी इतिहासाचा अभ्यास केला आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात प्रख्यात विदुषी रूथ बेनेडिक्ट ह्यांच्या हाताखाली मानववंशशास्त्राचे अध्ययन करून १९४० साली डॉक्टरेट मिळविली. १९३७ साली त्यांचा विवाह रूथ मॅस्लो ह्यांच्याशी झाला. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो ह्यांची ही बहीण. पुढील सर्व संशोधनात ह्या बाईंचा वाटा बरोबरीचा होता, हे आरंभीच सांगून टाकणे न्यायाचे होईल.

१९४३ साली लुइस मेक्सिको देशात गेले. राजधानीच्या दक्षिणेस डोंगरांच्या कुशीत तेपोस्त्लान नावाचे गाव आहे. ह्याच गावाचा अभ्यास रॉबर्ट रेडफील्ड ह्या थोर संशोधकांनी १९२६-२७ साली केला होता, आणि एकोप्याने नांदणारा, समाधानी असा ग्रामसमाज आपल्या ग्रंथात रंगविला होता. लुइस तेथे राहिले तेव्हा त्यांना काही निराळेच दिसले. जमिनीचे तंटे, शेजाऱ्याविषयी संशय, मत्सर, दारिद्र्याची धास्ती, घरातल्या घरात धुमसणारा कलह, असे चित्र त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. एकाच गावाची ही दोन परस्परविरोधी वर्णने पाहून विद्वन्मंडळात मोठी चर्चा झाली. रेडफील्ड ह्यांचे उत्तर मार्मिक होते. आपण ही माणसे कशात रमतात हे मनात धरून पाहिले आणि लुइस ह्यांनी ती कशाने गांजली आहेत हे मनात धरून पाहिले, अशा आशयाचे स्पष्टीकरण त्यांनी दिले.

ह्या वादाच्या पोटात एक अवघड शंका दडलेली आहे. पाहणाऱ्याच्या मनातील प्रश्नाप्रमाणे गाव बदलत असेल, तर खुद्द गावकऱ्यांच्या मनातील गाव कोणते? लुइस ह्यांचे पुढील सारे काम म्हणजे ह्या शंकेला दिलेले उत्तर होय, असे म्हणावयास हरकत नाही. संशोधकाने वर्णन करण्याऐवजी त्या माणसांनाच बोलू द्यावे, असे ते उत्तर आहे. ते पुरे पडले की नाही, हे पुढे दिसेल.

मध्यंतरी १९५२-५३ साली लुइस हिंदुस्थानात आले. फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार म्हणून आपल्या नियोजन मंडळाच्या मूल्यमापन विभागाबरोबर त्यांनी काम केले. दिल्लीच्या पश्चिमेस जाटांची वस्ती असलेल्या एका गावाचा त्यांनी भारतीय सहकाऱ्यांच्या साहाय्याने अभ्यास केला, आणि त्याला ‘रामपूर’ असे टोपणनाव देऊन १९५८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. जाती, तट आणि भाऊबंदकी ह्यांचे बारीक निरीक्षण त्यात आहे. पण कोणाचीही सविस्तर जीवनकथा नाही. ती पद्धती त्यांना खऱ्या अर्थाने गवसली ती मेक्सिको शहरातील एका चाळीत.

तेपोस्त्लान सोडून राजधानीस आलेल्या कुटुंबांचा माग काढीत लुइस शहरात आले होते. खेड्यातून शहरात आलेल्या माणसाचे घर मोडते, नीती सुटते, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. प्रत्यक्षात नातीगोती टिकून असलेली त्यांना आढळली. मग शहरातील गरीब वस्तीच त्यांनी अभ्यासास घेतली. तेथे ‘वेसिंदाद’ म्हणून एक प्रकारची वस्ती असते. मुंबईकराला ती समजावून सांगावयास नको. एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड, समोर सामाईक अंगण, अशी ती चाळच होय. फक्त ती बैठी असते. लुइस ह्यांनी निवडलेली वेसिंदाद चोरबाजारापासून जवळ होती. तिला त्यांनी ‘कासा ग्रांदे’ म्हणजे ‘मोठे घर’ असे नाव दिले. सुमारे ७०० माणसे तेथे राहत असत. ह्या चाळीत १९५६ च्या ऑक्टोबरात त्यांची गाठ हेसूस सांचेस ह्या भाडेकरूशी पडली. हेही नाव टोपणच आहे. हेसूस एका उपाहारगृहासाठी बाजारातून माल खरेदी करण्याची नोकरी वर्षानुवर्षे करीत होता. त्याची पहिली बायको मुले लहान असतानाच वारली होती. मान्वेल, रोबेर्तो, कोन्सुएलो आणि मार्ता ही तिची चार मुले आता वयात आली होती.

ह्या पाच जणांच्या मुलाखती लुइस ह्यांनी पुढील काही वर्षांत घेतल्या. प्रत्येकाला वेगळे बसवावयाचे, एकाने सांगितलेले दुसऱ्यास कळू द्यावयाचे नाही, आणि बालपण, स्वप्ने, आशा, भीती, कामधंदा, प्रेम, देवधर्म, राजकारण अशा शेकडो विषयांवर त्याला मोकळेपणी बोलू द्यावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. शेजारी ध्वनिमुद्रणाचे यंत्र फिरत असे. हे यंत्र त्या काळी नुकतेच सुटसुटीत झाले होते. पूर्वीच्या संशोधकाला बोलणाऱ्याचे शब्द हाताने टिपून घ्यावे लागत. लिहिणाऱ्याचा हात मागे राहिला की बोलणाऱ्याला थांबावे लागे, आणि थांबलेल्या बोलण्याचा ओघ पुन्हा लागत नसे. यंत्रामुळे ही अडचण दूर झाली. अक्षरशत्रू मनुष्यही यंत्रापुढे तासन्‌तास आपली कहाणी सांगू शकतो, ह्यातून एका नव्या वास्तववादी वाङ्मयाचा आरंभ होत आहे, असे लुइस ह्यांचे मत होते. मात्र यंत्राने मनुष्य बोलता होत नाही, हेही ते जाणून होते. सहानुभूती आणि कळवळा हीच संशोधकाची खरी साधने, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. नभोवाणीच्या श्रोत्यांस ह्याची सत्यता सहज पटेल. ध्वनिक्षेपक सर्वांपुढे सारखाच असतो, परंतु त्याच्यापुढे मन उघडे करावयास समोर कोणीतरी ऐकणारा आहे असा विश्वास लागतो.

ह्या मुलाखतींतून ‘सांचेसची मुले’ हा ग्रंथ तयार होऊन १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यात लेखकाची प्रस्तावना सोडली तर सर्व मजकूर त्या पाच जणांच्या तोंडचा आहे. चारही भावंडे तीच वर्षे, तीच खोली आणि तोच बाप पुन्हा पुन्हा सांगतात, आणि दर वेळी काही निराळे हाती येते. मुलग्यांना धाकात ठेवणारा बाप मुलींशी मायेने वागला. त्यामुळे रोबेर्तोच्या आठवणीतील बाप आणि मार्ताच्या आठवणीतील बाप ही जणू दोन माणसे आहेत. धाकटा रोबेर्तो काळासावळा म्हणून घरात आपल्याला कमी लेखतात, असे त्याच्या मनाने घेतले. तो वारंवार मारामारीत सापडला आणि तुरुंगाची वारी करून आला. मान्वेल मजुरी करण्यासाठी कॅलिफोर्नियात जाऊन आला. कोन्सुएलोने शिक्षणाच्या बळावर चाळीबाहेर पडण्याची धडपड केली. एकाच घटनेची भिन्न साक्षीदारांनी सांगितलेली भिन्न हकीकत ज्यात आहे, त्या ‘राशोमोन’ ह्या १९५० सालच्या जपानी चित्रपटाची उपमा लुइस ह्यांनी आपल्या पद्धतीस दिली आहे. खरे कोणाचे, हा निवाडा ग्रंथकार करीत नाही. वाचकाला मात्र एवढे कळते की दारिद्र्यात वाढलेली चार माणसे चार प्रकारची असतात. ‘गरीब लोक’ असा घाऊक शब्द वापरण्याची सवय ज्यांना लागलेली आहे, त्यांना हा ग्रंथ एक मोठा धडा देतो.

परंतु येथेच ह्या पद्धतीतील नाजूक भाग येतो. सांचेस कुटुंबातील माणसे जशी बोलली तशीच ती छापली गेली, असे समजणे भोळेपणाचे होईल. ध्वनिमुद्रणावरून स्पॅनिश भाषेत उतारे काढण्यात आले. मग लुइस ह्यांनी आपले प्रश्न गाळले, विखुरलेल्या आठवणी कालानुक्रमे लावल्या, पुनरुक्ती काढून टाकली, आणि हा सारा मजकूर इंग्रजीत उतरविण्यात आला. पृष्ठावर जो ‘मी’ बोलतो तो अर्धा बोलणाऱ्याचा आणि अर्धा रचणाऱ्याचा असतो. प्रश्न दिसेनासा झाला म्हणजे उत्तर उत्स्फूर्त वाटू लागते. वस्तुतः ते कोणीतरी विचारले म्हणून आलेले असते. रेडफील्ड ह्यांनी ज्या अप्रकट प्रश्नाकडे बोट दाखविले होते, तो लुइस ह्यांच्या ग्रंथांतून नाहीसा झाला नाही. तो आता पडद्याआड गेला, इतकेच. सुसान रिग्डन ह्या संशोधिकेने १९८८ साली लुइस ह्यांच्या एकंदर कार्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात शास्त्र आणि कला ह्यांची ही सरमिसळ तपासली आहे.

ग्रंथ स्पॅनिश भाषेत १९६४ साली निघाला आणि मेक्सिकोत वादळ उठले. १९६५ च्या फेब्रुवारीत तेथील भूगोल व सांख्यिकी ह्या विषयांच्या जुन्या मंडळाने ग्रंथाविरुद्ध सरकारात फिर्याद नेली. ग्रंथ अश्लील आहे, त्याने राष्ट्राची बदनामी केली, असा आरोप होता. असे कुटुंबच अस्तित्वात नाही, असेही म्हटले गेले. महिन्यामागून महिना वृत्तपत्रांत वाद गाजला. अखेर एप्रिलमध्ये सरकारी वकिलांनी फिर्याद काढून टाकली. तथापि ज्या प्रकाशनसंस्थेने ग्रंथ छापला तिचे संचालक अर्नाल्दो ओर्फिला ह्यांना त्याच वर्षी आपल्या पदावरून दूर व्हावे लागले. चाळीतील माणसे आपल्या खोलीविषयी बोलली, आणि हादरे राजधानीच्या सभागृहांना बसले. ह्या साऱ्या गदारोळात सांचेस कुटुंबाची खरी नावे लुइस ह्यांनी उघड होऊ दिली नाहीत. शब्द पाळण्याची ही जबाबदारी त्यांनी कसोशीने सांभाळली.

त्यांच्यावर दुसरी टीका झाली ती अधिक खोल होती. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पाच कुटुंबे’ ह्या ग्रंथात त्यांनी ‘दारिद्र्याची संस्कृती’ हा शब्दप्रयोग केला होता. पिढ्यानुपिढ्या दारिद्र्यात राहिल्याने विशिष्ट मनोवृत्ती तयार होते, उद्याचा विचार सुटतो, संस्थांवर विश्वास उरत नाही, आणि ही वृत्ती आईबापांकडून मुलांकडे जाते, असा त्याचा मथितार्थ. पुढे त्यांनी अशा सुमारे ७० लक्षणांची यादी केली. अमेरिकेतील सर्व गरिबांस हे लागू आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. दारिद्र्यरेषेखालील लोकांपैकी सुमारे २० टक्केच ह्यात मोडतील, असा त्यांचा अंदाज होता. परंतु शब्द एकदा सुटला की तो धन्याचे ऐकत नाही. गरीब मनुष्य गरीब राहतो तो आपल्या स्वभावामुळे, असा सोयीस्कर अर्थ अनेकांनी त्यातून काढला. १९६६ साली पोर्तो रिको बेटावरील एका कुटुंबाच्या जीवनकथांचा ‘ला विदा’ हा त्यांचा ग्रंथ आला. त्याला दुसऱ्या वर्षी अमेरिकेचे राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक मिळाले; परंतु त्या कुटुंबातील स्त्रियांच्या वेश्याव्यवसायाचे त्यात जे उघडे वर्णन होते, त्यामुळे आपल्या सगळ्या समाजाला काळिमा लागला असे अनेक पोर्तो रिकन लोकांस वाटले. मजुरीचे दर, घरांची टंचाई आणि वर्णद्वेष ह्यांची चौकशी सोडून गरिबांच्या मनाचीच चौकशी का करावी, असा चार्ल्स व्हॅलेंटाइन प्रभृती टीकाकारांचा सवाल होता. आज समाजशास्त्रात हा सिद्धांत त्याच्या मूळ रूपात फारसा कोणी मानीत नाही.

ह्या सिद्धांतात हिंदुस्थानासंबंधी एक विधान आहे. चर्मकार आणि सफाईकाम करणाऱ्या जाती अत्यंत दरिद्री असूनही त्यांच्यात दारिद्र्याची संस्कृती नाही, कारण त्यांना जातपंचायतींचा आधार असून मोठ्या समाजात त्यांना स्थान आहे, असे लुइस ह्यांचे प्रतिपादन होते. पंचायतीने माणूस एकाकी पडत नाही, हे खरे. पण ते ‘स्थान’ कसले होते, हे महाडच्या तळ्यावरील १९२७ च्या सत्याग्रहाची हकीकत ज्याला ठाऊक आहे त्याला निराळे सांगावयास नको. त्या स्थानाची कथा पुढे महाराष्ट्रात त्या त्या माणसांनी स्वतःच लिहिली. दया पवार ह्यांचे ‘बलुतं’ १९७८ साली, लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि बेबी कांबळे ह्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली प्रसिद्ध झाले. तेथे मुलाखत घेणारा कोणी नव्हता आणि गाळलेला प्रश्नही नव्हता. दुसऱ्याच्या लेखणीने लिहिलेले आत्मचरित्र आणि आपल्या लेखणीने लिहिलेले आत्मचरित्र ह्यांतील अंतर ज्यास समजून घ्यावयाचे असेल, त्याने ‘सांचेसची मुले’ आणि हे ग्रंथ एकापाठोपाठ वाचावेत.

लुइस ह्यांच्या आयुष्याचा अखेरचा अध्याय क्यूबात घडला. क्रांतीने दारिद्र्याची संस्कृती नाहीशी होते काय, हे त्यांना पाहावयाचे होते. १९६८ साली फिडेल कास्त्रो ह्यांची भेट घेऊन त्यांनी निर्वेध संशोधनाचे आश्वासन मिळविले, आणि १९६९ च्या फेब्रुवारीत काम सुरू झाले. परंतु १९७० च्या जूनमध्ये सरकारने ते एकाएकी बंद पाडले. काही ध्वनिफिती व कागद जप्त झाले. सर्वांत दुःखद गोष्ट अशी की, सरकारवर नाराज असलेला एक गृहस्थ लुइस ह्यांच्याशी मोकळेपणी बोलला होता, त्याला अटक होऊन तुरुंगवास भोगावा लागला. टोपणनाव, गुप्तता, आश्वासन ही सारी कवचे राज्यसत्तेपुढे किती तोकडी पडतात, हे त्या दिवशी दिसले. त्यानंतर सहा महिन्यांनी, १६ डिसेंबर १९७० रोजी, हृदयविकाराने लुइस ह्यांचे न्यूयॉर्क येथे निधन झाले. वयाची ५६ वर्षे पूर्ण होण्यास नऊ दिवस उरले होते. हाती राहिलेल्या साहित्यातून रूथ लुइस आणि सुसान रिग्डन ह्यांनी क्यूबातील जीवनकथांचे तीन खंड १९७७ व १९७८ साली पुरे केले.

ह्या कारकीर्दीचा जमाखर्च मांडताना एक गोष्ट ध्यानात येते. लुइस ह्यांनी ज्या सिद्धांतासाठी एवढा खटाटोप केला, तो काळाच्या ओघात मागे पडला. आणि त्या सिद्धांताचा पुरावा म्हणून ज्या जीवनकथा त्यांनी गोळा केल्या, त्या मात्र टिकल्या. १९६९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक छोटा ग्रंथ ह्याची साक्ष देतो. त्यात सांचेसच्या मुलांची एक म्हातारी मावशी मरते, आणि तिला मूठमाती देण्यासाठी लागणारे पैसे कोठून आणावयाचे ह्या विवंचनेत तीन भावंडे पडतात. लक्षणांची कोणतीही यादी तेथे आठवत नाही. शवपेटीची किंमत विचारणारा मान्वेल, धावपळ करणारा रोबेर्तो, आणि मावशीची रिकामी खोली पाहून व्याकुळ झालेली कोन्सुएलो, एवढीच तिघे डोळ्यांपुढे उभी राहतात.

मुलाखत घेणाऱ्याने एखाद्याला त्याचे आयुष्य सांगावयास लावले म्हणजे तो त्याच्याकडून एक ठेव घेतो. ती ठेव कशी मांडावयाची, कोणापासून जपावयाची, आणि तिच्यावर स्वतःच्या मताची मोहोर किती उमटवावयाची, हे प्रश्न यंत्र बंद केल्यावर सुरू होतात. लुइस ह्यांना त्यांतील काही सोडविता आले, काहींत ते चुकले. आज ध्वनिमुद्रणाचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि घरातील वडीलधाऱ्यांची कहाणी टिपून ठेवावी असे कित्येकांच्या मनात येते. त्यांनी अवश्य टिपावी. फक्त आपण काय विचारले, हेही त्यांनी शेजारी लिहून ठेवावे. म्हणजे पुढे वाचणाऱ्याला उत्तराची खरी किंमत ठरविता येईल.